घर विकावं की थेट अदलाबदल करावी?

गावातलं घर सोडून आर्वीला राहायला जायचं आहे, आणि तिथला एक घरमालक गावाकडे परतू पाहतोय. आपलं विकून दुसरं घ्यावं की अदलाबदल करावी, असं एक भाऊ विचारतात.

खर्चात अदलाबदल सरस. दोन खरेदीखतांवर दोनदा मुद्रांक शुल्क जातं. अदलाबदल पत्रावर ते जास्त किमतीच्या एकाच घरावर लागतं. दलालीही वाचते. आयकरासाठी मात्र विक्री आणि अदलाबदल दोन्ही हस्तांतरणच, म्हणजे नफ्यावरच्या कराचा हिशेब दोन्हीकडे आहे.

वेळेचं म्हणाल, तर गावात गिऱ्हाईक कापसाचे पैसे हाती आल्यावरच फिरकतं, म्हणून विक्रीला थांबावं लागतं; अदलाबदलीत समोरचा तयारच आहे.

खरी जोखीम कागदांत. विकून पैसा हाती असेल, तर एका घराच्या कागदांत खोट निघाली की दुसरं पाहता येतं. अदलाबदलीत तेच एक घर. म्हणून बँकेचा बोजा, बहिणींचे हक्क आधी तपासा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा उतारा, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. दोन घरांच्या किमतीतल्या फरकापोटी दिलेली वरची रक्कम खतात लिहा. नोटरीवर भागवू नका, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवीच.

घर पसंत, कागद स्वच्छ, किमती जवळपास असतील तर अदलाबदल करा. कर्ज फेडायला किंवा लेकीच्या लग्नाला रोकड हवी असेल, तर विका.