गगनबावडा की दाजीपूर? एका दिवसाची सुट्टी असेल तर

कोल्हापुरातून पहाटे निघायचं, सह्याद्रीचा माथा बघायचा आणि रात्री जेवायला घरी परतायचं, तर आपल्याकडं दोन वाटा आहेत. फुलेवाडीवरून सरळ पश्चिमेला गगनबावडा, साधारण ५५ किलोमीटर. किंवा भोगावती, राधानगरी करत दाजीपूर, साधारण ८० किलोमीटर. दोन्हीकडं रस्ता शेवटी घाटाला लागतो आणि खाली कोकण दिसतं. त्यामुळं दोन्ही ठिकाणं सारखीच असं धरून लोक निघतात आणि तिथंच गणित चुकतं.

आम्ही पहिल्यांदा दाजीपूरला गेलो ते जुलैत. फाटक बंद. पावसाळ्यात अभयारण्यात पर्यटकांना सोडत नाहीत, हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं. गाडीत दोन लहान मुलं होती, राधानगरीपासून 'गवा कधी दिसणार' म्हणून काचेला नाक लावून बसलेली. त्यांची समजूत घालताना जीव कासावीस झाला. तेव्हापासून कुणीही सल्ला मागितला की मी आधी विचारतो, जाणार कुठल्या महिन्यात?

जुलै-ऑगस्ट असेल तर गगनबावडाच. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तिथं सरासरीच पाच हजारांच्या पुढं. समुद्रावरून आलेले ढग कड्यावर चढताना थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. कळे सोडलं की ही गोष्ट डोळ्यांनी दिसायला लागते. ऊस मागं पडतो, भाताची खाचरं लागतात आणि असळजच्या पुढं तर वायपर थांबवावासा वाटत नाही. गगनबावडा गावातून दोन घाट फुटतात. करूळचा वैभववाडीला उतरतो, भुईबावड्याचा खारेपाटणच्या दिशेनं. थांबून बघायला मला भुईबावडा आवडतो, वर्दळ कमी असते.

गगनगड हा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला मानतात. पुढं बावड्याची जहागीर रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याकडं होती. आज गडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे, त्यामुळं पायऱ्या नीट बांधलेल्या आहेत आणि वेळेचे नियमही आहेत. धुक्यामुळं वर जाऊन काहीच दिसलं नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यावर उपाय एकच, बसून राहायचं. आम्ही एकदा तासभर भिजत बसलो होतो. मग वारा फिरला, पडदा सरकावा तसं धुकं हललं आणि खाली कोकणातली शेतं, वाड्या, ओढे सगळं दिसलं. चारपाच मिनिटंच. पण आई अजून त्या चारपाच मिनिटांबद्दल बोलते.

जवळच पळसंबे आहे, तिथं रामलिंगाला जरूर जा. ओढ्याच्या पात्रातल्या अखंड दगडांत कोरलेली छोटी मंदिरं, वर गर्द झाडी. इतकं सुंदर ठिकाण इतक्या कमी लोकांना माहीत असावं याचं मला दरवेळी वाईट वाटतं. मात्र ओढ्याला पाणी चढलेलं असेल तर पात्रात उतरू नका, काठावरूनच नमस्कार करा. आणि निघण्याआधी रस्त्याची चौकशी हवीच. मोठ्या पावसात मांडुकली, किरवे, लोंघे इथं रस्त्यावर पाणी येतं, घाटात दरड कोसळते. पंचगंगेचं पाणी वाढत असताना तर हा बेत करूच नये. जाताना कोरडा असलेला रस्ता संध्याकाळी पाण्याखाली असतो.

दिवाळीनंतर मात्र मी दाजीपूर सांगेन. १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलेलं हे जंगल पुढं १९८५ मध्ये वाढवलं गेलं आणि राधानगरी अभयारण्य आता ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार ठिकाणांत कास, कोयना आणि चांदोलीबरोबर हेही होतं. आत जायला वन विभागाची परवानगी आणि शुल्क लागतं, रस्ता कच्चा आणि खडबडीत आहे. सोबत गावातला वाटाड्या घ्याच. झाडाच्या सालीवर शिंग घासल्याची खूण, चिखलातला ताजा खूर, हे आपल्याला दिसतच नाही, त्याला चालत्या गाडीतून दिसतं.

गवा दिसेलच असं कुणीही सांगू शकत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना शक्यता जास्त, आणि उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ आणखी जास्त. दिसला तर पायांकडं बघा, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, पण झाडीत शिरताना पानही हलू देत नाही. पण मी दाजीपूरला जातो ते सड्यासाठी. दाट, अंधाऱ्या झाडीतून गाडी वर येते आणि एकदम सावराई सड्याचं उघडं जांभ्या दगडाचं पठार समोर पसरतं. एवढी शांतता की आपला श्वास ऐकू येतो.

वाटेत राधानगरी धरण आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर १९०८ च्या सुमारास हे काम काढलं आणि गावाला लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. पावसाळ्यात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, तो सोहळा बघायला लोक मुद्दाम येतात. म्हणजे जुलैत तुम्ही याच रस्त्याला लागलात, तरी धरण आणि राऊतवाडीचा धबधबा बघून परतता येतं. फक्त जंगलाची आशा ठेवू नका.

वयस्कर माणसं सोबत असतील तर गगनबावड्याचा रस्ता सोपा. घाटमाथ्यावर गाडीतूनही खूप दिसतं, गड चढायची सक्ती नाही. दाजीपूरच्या आतले धक्के पाठीचं दुखणं असलेल्यांना सोसत नाहीत. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र दाजीपूरच द्या, गवा दिसो न दिसो.

आणि अर्धाच दिवस हाताशी असेल तर दोन्ही सोडा, पन्हाळ्यापलीकडं मसाई पठारावर जा. शिवाजी महाराज १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडं निघाले ते याच पठारावरून. गणपतीच्या सुमारास तिथं गवतात रानफुलं असतात. गाडी कडेला लावा, फुलांवर घालू नका, आणि देवीच्या देवळापर्यंत चालत जा.