तालीम की शूटिंग रेंज?

पोरगं बारा वर्षांचं, घर कोल्हापुरात आणि डोळ्यांसमोर ऑलिंपिक. गावाचा जीव कुस्तीत. पण खाशाबा जाधवांचं हेलसिंकीतलं कांस्य 1952 चं. त्यानंतर महाराष्ट्राच्या पैलवानाला ऑलिंपिक पदक नाही. 2024 ला पॅरिसहून कांस्य आणलं ते राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं, रायफलवर.

ताकदीत आपण कमी नाही, अडतं ते नियमांत. मातीत चितपट झाल्याशिवाय हार नाही, म्हणून पोटावर दाबून पडून राहिलेलं चालतं. मॅटवर हीच सवय नडते. खाली नेल्याचे 2 गुण, मग भारंदाजच्या, म्हणजे कंबरेला मिठी मारून लोळवायच्या डावाच्या, प्रत्येक पलटीला 2. चार पलट्या बसल्या की 10 गुण, कुस्ती संपली. अर्धा मिनिटही लागत नाही. जांघ्या धरून मारायचे डावही तिथं बाद. जपाननं पॅरिसला कुस्तीतली 18 पैकी 8 सुवर्णं नेली, कारण तिथलं पोर पहिल्यापासून मॅटवरच खेळतं. खुराकाचंही तसंच. इनामी मैदानात चढलेलं वजन कामी येतं. ऑलिंपिकला विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी अंतिम फेरीतून बाद झाली.

रेंजवर हलगी नाही, फेटा नाही. पण इथला ठिपका आणि म्युनिकचा ठिपका सारखाच, शिकलेलं पुसून परत शिकावं लागत नाही. म्युनिकलाच 2010 मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, 60 गोळ्या, 75 मिनिटं. अडचण खर्चाची: रायफल, जॅकेट, पँट, बूट, आणि वाढत्या वयात जॅकेट बघता बघता आखूड होतं. पिस्तुलाला जॅकेट लागत नाही, हात तिकडं वळत असेल तर तिथूनच सुरुवात करा. पहिलं वर्ष क्लबच्या हत्यारावर काढा.

पैसा कुठं लावायचा हे ठरवल्यानंही देश वर येतात. ब्रिटनला 1996 मध्ये एकच सुवर्ण होतं. पुढच्या वर्षीपासून लॉटरीचा पैसा पदकाची आशा असलेल्या खेळांत ओतला आणि 2012 ला 29 सुवर्णं आली. यजमानपद होतंच म्हणा.

एक हिशेब मात्र घरीच करावा. ऑलिंपिकला कुस्तीच्या एका वजनगटात देशाचा एकच मल्ल जातो आणि तिथं हरियाणा उभा आहे. नेमबाजीत एका वैयक्तिक प्रकारात दोघं जाऊ शकतात. एवढं कळूनही तालीमच हवी असेल, तर वस्तादांना पहिलं विचारा: आठवड्यात मॅट किती दिवस? तीनपेक्षा कमी असेल तर कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान गाजेल, ऑलिंपिकचं विसरा.