परळचं किडनी क्लिनिक, पण हार्टपण तितकंच नीट बघतात
आईला शुगर-बीपी दोन्ही, त्यात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलं म्हणून इथे दाखवलं तर डॉक्टर मॅडमनी आधी दम लागतो का, जिना चढताना छातीत कसं वाटतं हेच विचारलं, सूज बघायला नडगीवर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो तेही बघितलं. मग शांतपणे समजावलं की किडनीच्या बऱ्याच पेशंटना डायलिसिसची वेळ यायच्या आधीच हार्टचा त्रास गाठतो, कारण मीठ-पाणी साठून बीपी चढतं, हार्टची भिंत जाड होते आणि फॉस्फरस वाढला की रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) 3 महिने 60 च्या खाली राहिला तर किडनीचा आजार क्रॉनिक म्हणजे जुनाट धरतात, पण लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) एकटं वाढलं तरी हार्टला धोका असतो, हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं!! ईसीजी तिथेच होतो, टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) बाहेरून. लोणचं-पापड बंद, गुडघ्यासाठीच्या पेनकिलर तर लगेच बंद केल्या. संध्याकाळी वेटिंग भयंकर, बसायला जागा नसते, तरी मॅडम घाई करत नाहीत. जुने रिपोर्ट सगळे घेऊन जा, तारखेप्रमाणे लावून बघतात.