निवडून आलेला खजिनदार की नेमलेला लेखापाल?

शिकागोत शहराचा खजिनदार लोक थेट मतं देऊन निवडतात, दर 4 वर्षांनी. शहराची रोकड आणि गुंतवणूक त्याच्या हाती. मुंबई महापालिकेत प्रमुख लेखापाल असतो, पण तो नेमलेला अधिकारी. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याप्रमाणे अर्थसंकल्प मांडतात आयुक्त, तोही नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे.

दादरला आमच्या सोसायटीत मालमत्ता कराचं सहामाही बिल आलं की सेक्रेटरीकाका चष्मा कपाळावर सरकवून जल कर, मलनिःसारण कर, पथकर, वृक्ष उपकर असा एकेक रकाना मोठ्याने वाचतात. (निवासी घर 500 चौरस फुटांच्या आत असलेले 2022 पासून करमाफीमुळे निवांत.) मग ठरलेला प्रश्न: ‘‘अरे, पालिकेच्या एवढ्या ठेवी आहेत, त्यांचं व्याज जातं कुठे?’’ शिकागोकर हे खजिनदाराला विचारेल, नाहीतर पुढच्या निवडणुकीत घरी बसवेल. आपण नगरसेवकाला गाठायचं. पण मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. आयुक्तच प्रशासक होते; अर्थसंकल्प मांडणारा प्रशासकच, मंजूर करणाराही प्रशासकच!

तरी मला आपलीच पद्धत बरी वाटते. हिशेब ठेवणाऱ्याला मतांची फिकीर नको. फक्त स्थायी समितीच्या खुर्च्या रिकाम्या नकोत.