पहिला कॉलेज फुटबॉल सामना: अ‍ॅन आर्बर की स्टेट कॉलेज?

अमेरिकन फुटबॉलचा कॉलेज सामना पहिल्यांदा बघायचा, तर अमेरिकेतल्या या दोन गावांपैकी कुठे जावं? दोन्हीकडच्या स्टेडियमांत लाखावर माणसं मावतात. अ‍ॅन आर्बरचं मिशिगन स्टेडियम 1927 चं, क्षमता 107,601. बरंचसं जमिनीत खोदलेलं, त्यामुळे आवाज वर निघून जातो. स्टेट कॉलेज गावातल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियमचे लोखंडी स्टँड उंच, पाय आपटले की दणाणतात. सगळे प्रेक्षक पांढऱ्या कपड्यांत येतात तो ‘व्हाइट आउट’ सामना इथलाच. त्याचं तिकीट मात्र महाग.

पोहोचायला अ‍ॅन आर्बर सोपं: डेट्रॉइट विमानतळ जवळ, सामन्यानंतर गावात चालत परतता येतं. स्टेट कॉलेज डोंगरांमधल्या खोऱ्यात, रस्ते मोजके. सामना संपताच निघालात तर गाडी जागची हलत नाही. त्यापेक्षा सामन्याआधी पार्किंगमध्ये पेटवलेलं ग्रिल तिथेच पुन्हा पेटवा, निवांत जेवा, मग निघा. नोव्हेंबरात बाकावर जाड जॅकेटांनी दाटी होते. पातळ कपडे एकावर एक घाला.