दोघांची फुगवायची कयाक: दसरा ते मे वापरल्यावर

दसऱ्याला लोक गाडी घेतात, आम्ही बोट घेतली. म्हणजे घडी करून बॅगेत ठेवायची, पंपाने फुगवायची दोन सीटची कयाक. खोकं वर नेताना सोसायटीच्या वॉचमनने विचारलं गादी का, मी हो म्हणालो, कोण समजावत बसणार. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण याच मापाच्या, याच पीव्हीसीच्या अजून चार-पाच येतात आणि मला जे त्रास झाले ते कुठलीही घेतली तरी थोडेफार होणारच. मे संपेपर्यंत १९ वेळा पाण्यात गेली, बायको कॅलेंडरवर खूण करते म्हणून आकडा पक्का आहे.

आधी सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, नाशिकमध्ये टाकता कुठे. गंगापूर धरणात नाही. शहराचं पिण्याचं पाणी तिथलं, उन्हाळ्यात आपण सगळे रोज पेपरात त्याची टक्केवारी बघत बसतो, तिथे बोटीत बसायचं तर बोट क्लबवर तिकीट काढून बसा. नांदूरमध्यमेश्वरला तर विचारही करू नका, पक्षी अभयारण्य आहे, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. आमचं जमलं ते बायकोच्या मावसभावामुळे. दिंडोरीकडे त्याची द्राक्षबाग आहे आणि बागेला लागून तलाव. नाव सांगणार नाही, रविवारी रील काढायला गर्दी नको. तरी तो म्हणाला, "दाजी, तलाव माझा नाही, मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीचा आहे, आधी त्यांना विचारू." विचारलं. दोन अटी पडल्या, जाळ्यांच्या जवळ जायचं नाही आणि लाइफ जॅकेट काढायचं नाही. जाळं कुठे आहे ते पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्यांवरून कळतं, पहिल्या दिवशी मला तो कचरा वाटला होता आणि मी गोळा करायला निघालो होतो.

आता बोट. लांबी साधारण दहा फूट, वजन पंप-वल्ह्यांसकट १६ किलोच्या आसपास, दोन बाजूंना दोन कप्पे आणि तळाचा एक असे हवेचे तीन वेगळे कप्पे. हातपंपाने फुगवायला मला १२-१५ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात घाम निघतो. एक गोष्ट बॉक्सवरच्या कागदात बारीक अक्षरात होती आणि मी वाचली नव्हती. काठावर उन्हात टणक फुगवलेली बोट गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि ती मऊ पडते. डिसेंबरात पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं गेले पैसे, गळतीय. गळत नव्हती, पाण्यात ठेवून पाच मिनिटांनी परत थोडी हवा भरायची एवढंच. उलट एप्रिलमध्ये काठावर उन्हात ठेवली तर तीच हवा प्रसरण पावून शिवणी ताणते, तेव्हा थांबलात की सावलीत ओढा नाहीतर थोडी हवा सोडा.

मागे तळाला एक प्लास्टिकचं पातं बसतं, ते विसरलात तर बोट सरळ जातच नाही, दोन वल्ही मारली की गोल फिरते. आम्ही पहिल्या दिवशी अर्धा तास तलावाच्या मध्यभागी गोल फिरत एकमेकांना डावं-उजवं शिकवलं, काठावर बागेतली माणसं काम सोडून बघत उभी. त्यात मी ८४ किलोचा मागे आणि ती ५८ ची पुढे, त्यामुळे नाक वर उचललेलं आणि वारा त्या नाकाला धरून ढकलायचा. मग मागची सीट वीतभर पुढे घेतली, पाण्याचा कॅन आणि डब्याची पिशवी पार पुढे टोकाला ठेवली आणि एकदम फरक पडला. ताल पुढच्याने धरायचा, मागच्याने तिचं बघून वल्हं मारायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला हे वेगळं सांगायला लागायला नको होतं.

वाऱ्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. फुगवलेली बोट पाण्यावर तरंगते, पाण्यात बसत नाही, त्यामुळे समोरून वारा आला की वल्हं मारताय तेवढंच मागे जाताय. सकाळी सातला तलाव आरशासारखा असतो, अकरानंतर लाटा सुरू. आम्ही साडेदहाला परत काठावर असतो म्हणजे असतोच.

आणि खरं सांगायचं तर आम्ही बोट चालवायला जातच नाही, थांबायला जातो. पलीकडच्या टोकाला, दीडेक किलोमीटरवर, तलाव आत वळतो आणि तिथे काळा खडक पायरीसारखा पाण्यात उतरलाय. मच्छीमारांनी त्याच्या फटीत एक पहार ठोकलीय, तिला त्यांचे दोन थर्माकोलचे तराफे बांधलेले असतात, वर एक उंबर. आम्ही त्याला बंदर म्हणतो, मुंबईच्या लोकांनी हसू नये. वळणामुळे तिथे वारा लागत नाही, रस्त्याचा आवाज नाही, फोनला रेंज नाही. थालीपीठ, ठेचा, भावाच्या बागेतले निर्यातीतून बाजूला काढलेले द्राक्षाचे घड, आणि तासभर कुणी काही बोललं नाही तरी चालतं. घरी असं होत नाही, घरी गप्प बसलो की काय झालं म्हणून विचारतात. जानेवारीत तिथे वारकरी पक्षी खूप होते, काळे, चोच आणि कपाळ पांढरं, उडायच्या आधी पाण्यावर पाय आपटत लांबवर पळतात. त्या दिवशी येताना रस्त्यात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेली दिंडी लागली होती, तर बायको म्हणे आज रस्त्यावरही वारकरी आणि पाण्यावरही.

उतरताना सांभाळा. बोटीत उभं राहून खडकावर पाय टाकायचा नाही, बोट मागे सरकते. मी टाकला. खडकावर शेवाळ, मी कमरेपर्यंत पाण्यात, फोन वॉटरप्रूफ पिशवीत होता म्हणून वाचला आणि उजव्या पायातली चप्पल वाहत गेली. पुढच्या रविवारी गेलो तर चप्पल पहारेला अडकवलेली. तिथले एक दादा जाळं झटकत होते, वर न बघता म्हणाले, "आठ दिवस बोटीची वाट बघतेय बिचारी."

मोठं दुखणं झालं ते फेब्रुवारीत. आपल्याकडे काठावर बाभळी आणि बोट ओढताना काटा लागणार नाही असं होणं शक्य नाही. बंदरावर जेवून उठलो तर डावी बाजू उशीसारखी मऊ. कप्पे वेगळे असल्याने बुडायची भीती नव्हती पण पंप गाडीत! बायको उजवीकडे रेलून बसली, मी वाकडंतिकडं वल्हवत आलो, ४० मिनिटांचं अंतर सव्वा तासात. तेव्हापासून पंप बोटीतच.

आल्यावर टायर पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने आधीच सांगितलं की ही रबराची ट्यूब नाही, सोल्युशन धरणार नाही, मी म्हटलं लावून तर बघ. तासात निघालं. यासाठी पीव्हीसीचा पॅच आणि पीव्हीसीचाच चिकटवायचा गोंद लागतो. साबणाच्या पाण्याने बुडबुडे बघून भोक शोधलं, स्पिरिटने पुसलं, पॅच लावला आणि वर पाटा ठेवून २४ तास हात लावला नाही. आजपर्यंत टिकलाय. आता काठावर जुनी ताडपत्री अंथरतो, तिच्यावरच बोट फुगवतो, आणि तिथून पाण्यापर्यंत ओढायची नाही, दोघांनी उचलायची.

सीट मात्र भंगार. पाठीचा टेका तिसऱ्या महिन्यात शिवणीत सुटला, विकणाऱ्याला मेल केला तर फोटो पाठवा, मग व्हिडिओ पाठवा, मग बिल पाठवा, मग शांतता. आता तिथे घरातला लोड टेकवतो, भिजतो पण पाठ दुखत नाही. वल्ह्यांचे सांधे पण ढिले होतात, टेप गुंडाळली की भागतं.

मे महिन्यात पाणी इतकं खाली गेलं की काठापासून पाण्यापर्यंत गुडघाभर गाळ, शेवटच्या खेपेला बोट डोक्यावर घेऊन गाळ तुडवला आणि बंदराची पहार पाण्यापासून दोन पुरुष उंच राहिली होती. पावसाळ्यात पाण्यात जायचं नाही हे आमचं ठरलेलंच. बोट धुऊन, फुगवलेल्या अवस्थेतच गच्चीत सावलीला दोन दिवस वाळवली, कारण घडीत ओल राहिली की कुबट वास बसतो, मग टाल्कम पावडर लावून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवली, माळ्यावर उंदीर आहेत.

घ्यावी का? शांत पाणी, तिथे विचारायला ओळखीचं माणूस आणि सहाला उठायची तयारी असेल तर घ्या, वर्षातून दोनदाच जाणार असाल तर बोट क्लबची फेरी स्वस्त पडेल. आमच्या चौदा हजारांचं मला काही वाटत नाही. पुढच्या दसऱ्याआधी दोनच खरेदी आहेत, एक चांगल्या पाठीची सीट आणि माझ्यासाठी मागून पट्टा असलेली चप्पल.