जुन्या पीसीसाठी १६५०, ६४०० की ३०५०?

आधी कॅबिनेट उघडा, ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघू. ऑफिसातून निघालेला, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा पीसी असेल तर पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या छोट्या कॅबिनेटात तो २५५ वॉटचा असतो आणि त्यातून कार्डासाठी वेगळी सहा पिनची वायर निघत नाही. कार्डाला जी काही वीज मिळणार ती स्लॉटमधूनच, आणि तिथे कमाल मर्यादा ७५ वॉट. या एका आकड्यानेच निम्मी यादी बाद होते. छोट्या कॅबिनेटला कार्डही लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, लागतं. सोबत कॅबिनेटला अडकवायची आखूड धातूची पट्टी आहे ना, हे घेतानाच बघा.

उरलेल्यांत खरी चुरस जीटीएक्स १६५० आणि आरएक्स ६४०० यांची. मेमरी दोघांत ४ जीबी. ६४०० नवं आहे, ५३ वॉटवर भागवतं आणि थंड राहतं. घोडं पेंड खातं ते स्लॉटपाशी. ६४०० फक्त ४ लेनवर, म्हणजे डेटाच्या चार वाटांवर, चालतं. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या (स्लॉटची ही पिढी) बोर्डावर त्याला सेकंदाला जेमतेम ४ जीबी डेटा मिळतो, आणि दुसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हबरोबर स्लॉट २.० वर चालत असल्यामुळे त्याच्याही निम्मा. गेमने ४ जीबी मेमरी भरली की बाकीचा माल रॅममधून आणावा लागतो आणि चित्र अडखळतं. १६५० सगळ्या १६ लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर तेच उजवं.

दुसरी गोष्ट व्हिडिओची. ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) नाहीच. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्याने किंवा स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण सगळा भार आधीच दमलेल्या प्रोसेसरवर पडतो. १६५० घेताना मात्र सहा पिनची जागा नसलेलंच मॉडेल निवडा. काही कंपन्यांच्या कार्डांना ती लागते.

नवंच घ्यायचं आणि खिसा परवानगी देत असेल तर आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालंच. ते ७० वॉटचं आहे. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॉट खातं, तेव्हा डब्यावर नीट वाचा. चार कोअरचा जुना प्रोसेसर त्याला पुरा पडणार नाही, पण पुढे मशीन बदललं की कार्ड तिकडे नेता येतं. १०५० टीआय स्वस्त दिसतं, तरी आता घेऊ नये. ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर येत नाहीत.

जुन्या बाजारातलं आरएक्स ५८० मोहात पाडतं. ते १८५ वॉटचं. मोलेक्सवरून (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनच्या वायरीवरून) आठ पिनचा जुगाड करून ते चालवणं म्हणजे वायर वितळण्याची तयारी.

वापरलेलं कार्ड मालवण-गुहागरकडचं असेल तर पंखा काढून हीटसिंकच्या पातींच्या मुळाशी बघा. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, तांब्याच्या नळीच्या टोकाला हिरवट थर, एचडीएमआयच्या कडेला गंज दिसला की खारा वारा आत पोचलेला आहे. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवरचा मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. त्या पट्ट्यांना खड्डे पडले असतील तर कार्ड परत करा. कार्ड खरंच तेच आहे ना हे बघायला जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून शेडर, म्हणजे चित्राची गणितं करणारे छोटे भाग, मोजा: १६५० चे ८९६ हवेत.

बसवण्याआधी, बोर्डाच्या जुन्याच डिस्प्लेवर बायॉस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) शेवटच्या व्हर्जनला न्या. काळ्या स्क्रीनची बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटली तर बायॉसमध्ये लेगसी (सुरू होण्याची जुनी पद्धत) बंद करून यूईएफआय (नवी पद्धत) चालू करावं लागतं, आणि विंडोज एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर असेल तर आधी ती जीपीटीत (नव्या मांडणीत) बदला, नाहीतर विंडोजच उघडणार नाही. मॉनिटरला फक्त निळी व्हीजीए वायर असेल तर ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल. या तिन्ही कार्डांतून ॲनालॉग सिग्नल निघत नाही.

पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते, तेव्हा यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉट देतो. ७५ वॉटचं कार्ड, पीसी आणि मॉनिटर त्यात बसतात. स्क्वेअर वेव्ह (ओबडधोबड वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर मात्र ॲक्टिव्ह पीएफसीवाला (वीज नीट ओढणारं सर्किट असलेला) पॉवर सप्लाय बंद पडू शकतो. तिथे दोष कार्डाला देऊ नका.